गप्प म्हणजे थांब

झोपेच्या बाबतीत आपल्या क्रेनवाल्याचा एके काळी मोठा लौकिक होता. लहानपणापासून घरात त्याला 'डाराडूर' म्हणत. पाठ टेकली की गडी गेलाच. एकदा शेजारच्या घराला आग लागली, अख्खी गल्ली बादल्या घेऊन धावली, आरडाओरडा झाला, बंब येऊन गेला आणि हा सकाळी आळस देत बाहेर येऊन विचारतो, "जळका वास कसला येतोय?" लग्नानंतर पहिल्या आठवड्यात बायको इतकी घाबरली होती, की दिवा लावून तिने त्याच्या नाकाशी बोट धरून पाहिलं. पुढे सवय झाली. ती मैत्रिणींना सांगायची, यांना झोपवायला काही लागत नाही, उठवायला मात्र दोन माणसं आणि एक तांब्या पाणी लागतं.

अशा माणसाची झोप उडाली, आणि तीही कुठे तर वडिलांच्या मरणात.

वडील जुने ट्रक ड्रायव्हर. म्हातारपणी मुलाकडे राहायचे, शेजारच्या खोलीत झोपायचे. एका सकाळी उठलेच नाहीत. भेटायला येणारा जो तो तेच बोलायचा, "सोनं झालं हो त्यांच्या मरणाचं. झोपेत गेले. ना हाल, ना दुखणं." क्रेनवाला मान हलवायचा. पण दाखला लिहिताना डॉक्टरांनी सहज विचारलं होतं, "रात्री कोणाला हाक वगैरे मारली होती का?" आणि बायको म्हणाली होती, "मी तेव्हा माहेरी होते. हेच होते घरात." बस, एवढंच झालं. हाक मारली असेल, तर ती ऐकायला घरात एकटा डाराडूर होता. हे तो कोणाला बोलला नाही. बोलून करणार काय? म्हातारा तर गेलाच होता.

त्या दिवसापासून अंथरुणाला पाठ लागली की कान टवकारायचे. नळाचा थेंब, फ्रिजची घरघर, वरच्या मजल्यावर कोणी खुर्ची सरकवली तर ती. छाती उगाचच धडधडायची. अंगाला घाम यायचा. शेजारची खोली रिकामी आहे हे त्याला चांगलं ठाऊक होतं, तरी तो तिकडेच कान देऊन पडायचा. पहाटे कुठे डोळा लागायचा, तोवर घड्याळ बोंबलायचं.

झोप येत नाही असं म्हणायची खोटी, की प्रत्येक जण डॉक्टर होतो. सासूबाईंनी कोमट दूध सांगितलं. शेजाऱ्याने तळपायांना तेल चोळायला सांगितलं; त्यामुळे चादर खराब झाली आणि बायकोची बोलणी खावी लागली. भाच्याने मोबाइलवर समुद्राच्या लाटांचा आवाज लावून दिला, त्याने रात्रभर लघवीला उठायचं काम वाढलं. साइटवरचा मुकादम म्हणाला, "तू दिवसभर खुर्चीत बसतोस ना, म्हणून. एक दिवस सिमेंटची पोती उचल, मुडद्यासारखा पडशील." क्रेनवाल्याने आपल्या अकलेनेही उपाय केले. दिवे लागले की अंथरूण गाठायचं, लवकर नंबर लावला तर झोप मिळेल या हिशेबाने. रविवारी दुपारभर लोळायचं. कामावर डोळे उघडे राहावेत म्हणून चहावर चहा ढोसायचा. आणि रात्री स्वतःला बजावायचं, झोप, मर्दा, झोप, उद्या क्रेनवर बसायचंय. जितकं बजावावं तितका तो टक्क जागा.

आता त्याचं काम काय ते सांगायला हवं. एका मोठ्या इमारतीच्या बांधकामावर उंच क्रेन होती, आणि तिच्या मानेपाशी काचेची केबिन. सकाळी शिडी चढून एकदा वर गेला, की डबा, पाणी सगळं वरच. संध्याकाळशिवाय खाली उतरायचं नाही. खालचे लोक म्हणायचे, याला जेवायला चिमण्यांची पंगत.

पण वर बसलेल्याला खालचं सगळं दिसतं असं नाही. भिंती चढत जातात तशी नजर अडत जाते. मग भिंतीपलीकडे माल उतरवायचा तो नुसत्या कानांवर. तिकडे सिग्नलवाला उभा असतो, तो वॉकीटॉकीवर अखंड बोलत राहतो, "खाली, खाली, खाली, खाली..." जोवर तो बोलतोय, तोवर माल हलवायचा. तो गप्प झाला की तिथल्या तिथे थांबायचं. 'थांब' अशी आज्ञा येण्याची वाट बघायची नाही. वॉकीटॉकी बंद पडेल, माणूस ठेच लागून पडेल, काहीही होईल. म्हणून गप्प म्हणजे थांब. या धंद्यात पहिल्या दिवशी हेच शिकवतात आणि शेवटच्या दिवसापर्यंत हेच पाळतात.

इथला सिग्नलवाला म्हणजे क्रेनवाल्याचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याच्या तोंडाला कुलूप म्हणून नाही, त्यामुळे सगळी साइट त्याला 'रेडिओ' म्हणायची. क्रेनवाल्यानेच त्याला हे काम लावून दिलं होतं. नुसतं बोलत राहण्याचा पगार मिळतो अशी दुसरी नोकरी त्याला शोधून सापडली नसती. माल जमिनीवर टेकला, की लगेच "भाऊजी, आज डब्यात काय?" सुरू. मुकादम ओरडायचा, "ए, वॉकीटॉकी काय तुझ्या सासऱ्याचा आहे?" त्यावर रेडिओ म्हणायचा, "सासऱ्याचा नाही, भाऊजींचा आहे." माणूस एकंदरीत असा, की त्याच्यावर फार वेळ रागावता येत नाही.

ती दुपार उन्हाची होती. काँक्रीटचा अख्खा जिना कारखान्यातून ओतून आणला होता, तो भिंतीपलीकडे बसवायचा होता. क्रेनवाला सकाळपासून डोळ्यांवर पाणी मारत होता. केबिनची काच तापलेली, जेवण नुकतंच झालेलं. रेडिओ बोलत होता, "खाली, खाली, खाली..." जिना भिंतीआड गेला. मग रेडिओ गप्प झाला. क्रेनवाल्याने दांडा सोडला. जिना लटकत थांबला.

खाली काय झालं होतं, तर जिन्याखालचा लाकडी ठोकळा तिरका बसला होता. लटकत्या मालाखाली हात घालायचा नाही, हेही पहिल्याच दिवशी शिकवतात. पण माल थांबलेला असला, की क्षणभर हात घालून ठोकळा सरळ करायची खोड सगळ्यांनाच असते. वर बसलेला माणूस आपला असला, की ती खोड जरा जास्तच. रेडिओने वॉकीटॉकी खांद्याला अडकवला, वाकला आणि हात घातला.

वर क्रेनवाला वाट बघत होता. मग आवाज पुन्हा सुरू झाला, शांत, सावकाश, ओळखीचा. त्याने दांडा हलकेच पुढे लोटला. आवाज येत राहिला, जिना उतरत राहिला. आणि एकदम कानात किंकाळी फुटली, "भाऊजी! भाऊजी, थांबा!"

हात आपोआप मागे आला. जिना थांबला, पण ठोकळ्याला टेकूनच. रेडिओचा हातमोजा खाली अडकून राहिला होता आणि हात बाहेर निघाला होता. मधल्या बोटाचं नख सोललं गेलं, रक्त आलं, बाकी काही नाही. निमिषभर उशीर झाला असता, तर हात गेला असता. कोपर वाकलेलं होतं आणि डोकं कोपरामागेच होतं, तेव्हा हातावर भागलं असतं असंही नाही.

संध्याकाळी दोघं हात-पाय धुवायच्या नळापाशी भेटले. रेडिओच्या बोटाला पट्टी होती. चेहरा पांढराफटक होता, तरी हसत होता.

"भाऊजी, एक विचारू? मी तेव्हा बोलत होतो का?"

"कधी?"

"ठोकळा सरळ करताना. मला वाटतं मी गप्प होतो. पण मग तुम्ही माल कसा सोडाल? तुम्ही काही असं करणार नाही."

"तू बोलत होतास," क्रेनवाला म्हणाला. "मला ऐकू आलं ना."

ते खोटं नव्हतं. त्याला खरंच ऐकू आलं होतं. रेडिओने कपाळावर हात मारला. "म्हणजे मी हात घालून वर तोंडाने 'खाली' म्हणत होतो! ताई म्हणते ते बरोबर आहे, एक दिवस हे तोंडच मला खाणार." आणि प्रामाणिक माणूस असा, की कोणी विचारायच्या आत मुकादमाकडे जाऊन स्वतःची चूक सांगून आला. मुकादमाने त्याला सगळ्यांसमोर सोलून काढलं. परत असं झालं तर घरी बसायचं, हेही सांगितलं.

त्या रात्री अंथरुणात पडल्यापडल्या क्रेनवाला तो आवाज पुन्हा आठवू लागला. कोणते शब्द होते? 'खाली, खाली' नव्हतं ते. 'येऊ दे... येऊ दे... अजून येऊ दे...' असं होतं. आणि तो ताडकन उठून बसला. रेडिओने आजवर कधी 'येऊ दे' म्हटलं नव्हतं. क्रेनवर असं कोणीच म्हणत नाही. असं म्हणायचे त्याचे वडील. मुलाला ट्रक मागे घ्यायला शिकवताना ते मागे उभे राहायचे आणि हात हलवत म्हणायचे, येऊ दे, येऊ दे, भिऊ नको, मी आहे.

म्हणजे रेडिओ गप्प होता. म्हणजे वर केबिनमध्ये डोळे उघडे ठेवून, दांड्यावर हात ठेवून, तो झोपला होता.

पहिला विचार आला तो हा, की सकाळी उठून सांगून टाकावं. दुसरा विचार आला तो बायकोचा. ती शेजारी कुशीवर झोपली होती. तिला काय सांगायचं? तुझा भाऊ खाली होता आणि मी वर झोपलो होतो? आयुष्यभर ज्या झोपेला घर हसलं, त्याच झोपेपायी... त्याने तो विचार तिथेच दाबला. आधी झोप दुरुस्त करू, मग सांगायची गरजच पडणार नाही, असं त्याने ठरवलं. भ्यालेला माणूस असलेच शहाणपणाचे बेत करतो.

म्हणून रजा टाकून तो झोपेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. बाहेरच्या बाकावर पाळीची वाट बघणारे एक गृहस्थ तोंड उघडं टाकून खुशाल घोरत होते. असल्या माणसाचं इथं काय काम, म्हणून क्रेनवाल्याला त्यांचा मनापासून राग आला.

डॉक्टरीणबाई वयस्क होत्या, तुटक बोलायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. गोळी द्या, असं तो तीनदा म्हणाला, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही.

"हे बघा, दिवसभर जागं राहिलं की शरीरात झोपेची भूक साठत जाते. तुम्ही रविवारी दुपारी लोळता, संध्याकाळीच अंथरुणात शिरता. म्हणजे जेवणाआधी बिस्किटं खाऊन भूक मारता. वर चहा. चहाने भूक जात नाही, नुसती कळेनाशी होते. ही झाली एक गोष्ट. दुसरी, शरीराचं स्वतःचं घड्याळ असतं, ते उजेडावर आणि उठण्याच्या वेळेवर चालतं. ते तुम्ही पार बिघडवून ठेवलंय. पण हे दोन्ही नीट करता येतं."

"मग झालं तर."

"तिसरी गोष्ट राहिली. भीती. दाराशी जनावर आलं असेल, तर कितीही दमलेला माणूस झोपेल का? नाही झोपणार. छाती धडधडते, अंग तापतं, कान उघडे राहतात. ते शरीराने जीव वाचवायला केलेलं असतं. तुमच्या दाराशी काय आहे?"

"काही नाही."

"हे सुरू कधी झालं?"

"वडील गेले तेव्हापासून."

"तुम्ही कुठे होतात तेव्हा?"

क्रेनवाल्याने खिडकीकडे पाहिलं. "झोपलो होतो," तो म्हणाला. आणि कोणाला न सांगितलेलं ते हाकेचं, तेही त्या परक्या बाईंना सांगून मोकळा झाला. सांगताना त्याला रडू आलं, त्याची त्याला लाज वाटली.

बाईंनी त्याला पाणी दिलं. "झोपलो म्हणून बाप गेला, असं तुमच्या मेंदूने धरून ठेवलंय. आता तो तुम्हाला झोपू देत नाही. त्यात तुम्ही रोज रात्री स्वतःला धमकावता, झोपलंच पाहिजे म्हणून. धमकीने झोप येत नाही हो. डोळे जड झाल्याशिवाय अंथरुणात जायचं नाही. जाग आली तर उठून खुर्चीत बसायचं. सकाळी ठरल्या वेळी उठायचं. काही आठवडे लागतील. सुरुवातीला आणखी त्रास होईल."

"आणि काम?"

"काम काय करता?"

त्याने सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"दिवसा कधी डुलकी लागते?"

"नाही," तो म्हणाला. मग म्हणाला, "एकदा."

"तुम्ही झोपत नाही असं नाही. झोप मेंदूला लागतेच. तुम्ही रात्री दिली नाही, तर तो दिवसा हिसकावून घेतो, क्षणाक्षणाने. तुम्हाला पत्ताही लागत नाही. डोळे उघडे असतात आणि माणूस स्वप्नात असतो. बरे होईपर्यंत क्रेनवर चढायचं नाही. चिठ्ठी देते."

"चिठ्ठी नको."

"खाली कोण उभं असतं?"

"बायकोचा भाऊ."

बाईंनी चिठ्ठी लिहिली, घडी घालून त्याच्यापुढे सरकवली आणि पुढच्या माणसाला हाक मारली. चिठ्ठी त्याने खिशात घातली आणि खिशातच ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वर चढला. चहा कमी केला होता, त्यामुळे डोकं ठणकत होतं. प्रत्येक लहान-मोठ्या मालाला तो मांडीला चिमटे काढत बसायचा. गुन्हेगार माणूस फार काळजीपूर्वक वागतो, तसा तो वागत होता.

रविवारी रेडिओ बहिणीकडे जेवायला आला. एरवी तो आला की शेजाऱ्यांनाही कळायचं. त्या दिवशी कधी आला, कधी चपला काढल्या, कळलंच नाही. ताटावर बसला, तर घास तोंडापाशी नेऊन थांबायचा.

"डोळे असे का रे सुजलेत तुझे?" बहिणीने विचारलं. "भांडलास का बायकोशी?"

"नाही ग. झोप येत नाही."

"आता तुला काय झालं?"

"सारखं डोक्यात घोळतं. मी बोलत होतो की गप्प होतो. मला पक्कं आठवतं, ताई, मी गप्प होतो. पण भाऊजींना ऐकू आलं, म्हणजे बोलत असणार. मग मला काय झालंय? मी काय बोलतो हे मलाच कळत नाही? रात्री पडलो की वाटतं, आत्ताही बोलतोय का? बायकोला उठवून विचारतो, मी काही बोललो का ग? ती बिचारी वैतागली. पोरीशी बोलायचीसुद्धा भीती वाटते."

"छान. एक जागा होता, आता दोन झाले," बहीण म्हणाली, पण तिला हसू आलं नाही. तिने भावाच्या पट्टी बांधलेल्या बोटावर हात ठेवला. मग नवऱ्याकडे वळली. "अहो, तुम्ही सांगा ना त्याला काहीतरी. तुम्हाला माहितीये हे कसं असतं."

क्रेनवाला भात कालवत होता. "होतं असं," तो म्हणाला. "जाईल हळूहळू." आणि उठून हात धुवायला गेला. नळ सोडून तो बराच वेळ तिथेच उभा राहिला. स्वतःची इतकी किळस त्याला कधी आली नव्हती.

सोमवारी सळयांचे भारे भिंतीपलीकडे उतरवायचे होते. रेडिओचा आवाज वॉकीटॉकीवर आला तो खरखरीत, तुटका.

"खाली... खाली..."

मग गप्प. क्रेनवाला थांबला.

"भाऊजी, आत्ता मी गप्प होतो ना?"

वॉकीटॉकीवर आणखी दोघं-तिघं होते, कोणी तरी फिसकन हसलं. "रेडिओ, स्टेशन लागत नाही वाटतं!" क्रेनवाला म्हणाला, "हो, गप्प होतास."

"बरं. खाली... खाली..." पुन्हा गप्प. "आणि आत्ता?"

भारा हवेत लटकत होता. वरचा एक न झोपलेला आणि आता खालचाही एक न झोपलेला, मध्ये एवढं लोखंड. क्रेनवाल्याला ते एकदम सगळं स्वच्छ दिसलं. आज नाही तर उद्या रेडिओ या घोळात चुकीच्या जागी उभा राहणार, आणि आज नाही तर उद्या आपल्याला वर म्हाताऱ्याचा आवाज येणार.

"बाजूला हो," तो वॉकीटॉकीवर म्हणाला. "पार भिंतीला टेक. टेकलास?"

"टेकलो. काय झालं?"

त्याने भारा वर उचलला, मोकळ्या मैदानात, जिथे त्याला दिसत होतं तिथे नेऊन ठेवला. क्रेन बंद केली, किल्ली काढली आणि शिडी उतरायला लागला. भर कामाच्या वेळी क्रेनवाला खाली उतरतोय हे बघून एकेक हात थांबला. मुकादम लांबूनच ओरडत आला, "काय रे, पोट बिघडलं का?" त्याच्याकडे लक्ष न देता तो सरळ रेडिओसमोर जाऊन उभा राहिला.

"त्या दिवशी तू गप्प होतास."

"काय?"

"तू गप्प होतास. एक शब्द बोलला नाहीस. मी वर झोपलो होतो. झोपेत आवाज ऐकला आणि माल सोडला. तुझी काही चूक नव्हती."

रेडिओने त्याच्याकडे पाहिलं. मग पट्टीकडे पाहिलं. "नक्की मी गप्प होतो?"

"नक्की."

"तुम्हाला कधी कळलं हे?"

"त्याच रात्री."

रेडिओचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. शेवटी तो बोलला तेव्हा आवाज अगदी हळू होता.

"मला वाटत होतं मी वेडा व्हायला लागलोय. आणि तुम्ही काल माझ्यासमोर बसून जेवलात, भाऊजी."

एवढं बोलून त्याने वॉकीटॉकी खांद्यावरून काढला, मुकादमाच्या हातात दिला आणि फाटकातून बाहेर निघून गेला. त्याला हाक मारायचा धीर कोणाला झाला नाही. मुकादमाने हात पुढे केला, क्रेनवाल्याने त्यावर किल्ली ठेवली आणि खिशातली चुरगळलेली चिठ्ठीही ठेवली. मुकादमाने ती वाचली. शिव्या द्यायला तोंड उघडलं होतं त्याने, पण दिल्या नाहीत. "घरी जा," म्हणाला. "बोलावल्याशिवाय येऊ नको."

बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती, संध्याकाळी यायची. ती दारात चप्पल काढत असतानाच त्याने सांगायला सुरुवात केली. ती बसेपर्यंत थांबलो तर धीर जाईल असं त्याला वाटलं. सगळं सांगितलं, केबिनमधलं, वडिलांच्या आवाजाचं, त्या हाकेचंही. ती एक पाय चपलेत ठेवून ऐकत होती.

"म्हणजे काल तो इथे बसून सांगत होता, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"आणि मी म्हणाले, त्याला समजवा."

"हो."

ती आत गेली. दार लावून भावाला फोन केला. भिंतीतून बोलणं कळत नव्हतं, पण मधूनमधून ती रडत होती हे कळत होतं. क्रेनवाला खुर्चीत बसून राहिला. बाहेर अंधार पडला. तिने त्याला जेवायला वाढलं, स्वतः जेवली नाही.

उद्या त्याला कुठेही जायचं नव्हतं. किल्ली मुकादमाकडे होती. त्याच्या डोळ्यांच्या भरवशावर आता कोणाचा हात नव्हता की कोणाचं डोकं नव्हतं. तो झोपला काय आणि जागा राहिला काय, कोणाच्या जिवाला धोका नव्हता. नुसतं अंग टाकावं म्हणून तो पलंगावर आडवा झाला, आणि पुढचं त्याला काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा ऊन थेट पायांवर आलं होतं. अंग जड, पण डोकं लख्ख. असं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. क्षणभर त्याला निव्वळ सुख वाटलं, मग सगळं आठवलं, आणि त्याने मान वळवली.

बायको खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. अंगावर कालचेच कपडे होते. डोळे लाल, खाली काळी वर्तुळं.

"झोपलात," ती म्हणाली.

"तू?"

"डोळे मिटले की त्याचा हात दिसतो. त्या जिन्याखाली. मग डोळे उघडते, तर तुम्ही घोरताय. दोनदा वाटलं, हलवून उठवावं. मग नाही उठवलं."

"चुकलं माझं."

"चुकलंच."

तो उठला. ऊन तिच्या तोंडावर येत होतं. निदान तेवढं तरी करावं म्हणून तो खिडकीशी गेला आणि पडदा ओढायला लागला.

"नको," ती म्हणाली. "अंधार झाला की जास्त दिसतं."

त्याने पडदा पुन्हा बाजूला केला आणि तिथेच उभा राहिला.